डब्ल्यूडब्ल्यूएफचा कॅट

आमच्या इचलकरंजीच्या घरात पत्त्यांचे दोन कॅट होते. एक बावन्न पानांचा, आजोबांच्या मेंढीकोटाचा, त्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही. दुसरा भावाचा आणि माझा, डब्ल्यूडब्ल्यूएफचा. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात दहा-बारा रुपयांना मिळालेला. कागद पातळ, छपाईत लाल रंग थोडा बाजूला सरकलेला, त्यामुळे ब्रेट हार्टला दोन-दोन ओठ. कॅटवर छापणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. साल १९९४ असावं. गल्लीत केबल येऊन दीड-दोन वर्षं झाली होती आणि प्राइम स्पोर्ट्सवर कुस्ती लागली की आमच्या वयाची पोरं जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसत.

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हा खेळ समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की पानं निम्मी-निम्मी वाटायची, आपलं वरचं पान बघायचं आणि त्यातला एक आकडा पुकारायचा. हाइट, वेट, चेस्ट, बायसेप, फाइट्स फॉट, फाइट्स वन. ज्याचा आकडा मोठा, त्यानं दोन्ही पानं घ्यायची. रँकमध्ये मात्र उलटं, तिथं आकडा लहान तो वरचढ. जायंट गोन्झालेस आला की डोळे मिटून ‘हाइट’ म्हणायचं, योकोझुना आला की ‘वेट’. हे दोघं हातात असले की भाऊ इतका गंभीर व्हायचा की समोरच्याला लगेच कळायचं.

आजोबा तरुणपणी तालमीत जाणारे. मोठे पैलवान नव्हते, पण कोल्हापूरला खासबागेत कुस्ती असली की सायकल मारत जायचे. एकदा त्यांनी आमच्या हातातला कॅट घेतला, चष्मा लावून चार-पाच पानं वाचली आणि विचारलं, “ह्यात वजन लिवलंय, छाती लिवलीया, दंड लिवलाय. वय कुठं हाय? वस्ताद कोण? तालीम कुठली?” आम्ही गप्प. “पैलवानाचं हेच तर बघायचं असतंय,” असं म्हणून त्यांनी कॅट परत दिला. टीव्हीवरचा एक सामना पाहून मात्र त्यांनी एका शब्दात निकाल लावला होता. नुरा. आधी ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. तो शब्द ऐकून भाऊ रडला होता.

त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हतं, की आजोबांनी जे म्हटलं ते कंपनीच्या मालकानं पाच वर्षं आधीच लिहून दिलं होतं. १९८९ च्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूएफनं अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे मांडलं, की आमचा खेळ ही खरी क्रीडास्पर्धा नसून प्रेक्षकांची करमणूक आहे. यात प्रांजळपणा किती आणि हिशेब किती, हे उघड आहे. खेळ म्हटला की राज्याचा क्रीडा आयोग, डॉक्टर, परवाने आणि प्रक्षेपणावरचा कर आला. करमणूक म्हटली की यातलं बरंचसं टळतं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत हे छापूनही आलं. इचलकरंजीत यायला त्याला फार वेळ लागला.

आता कार्डांवरच्या आकड्यांचं. गोन्झालेस आठ फुटी म्हणून पुकारला जायचा. होर्गे गोन्झालेस हा अर्जेंटिनाचा बास्केटबॉलपटू. १९८८ मध्ये अटलांटा हॉक्स या संघानं त्याला निवडलं होतं, पण त्या मैदानावर तो टिकू शकला नाही आणि कुस्तीत आला. उंची खरोखरच अफाट, साडेसात फुटांच्या आसपास. त्यावर कंपनीनं आपल्या पदरचे काही इंच घातले. योकोझुना जपानी सुमो म्हणून यायचा. प्रत्यक्षात तो सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, सामोअन घराण्यातला रॉडनी अनोआई. वजन मात्र खरंच पाचशे पौंडांच्या वर गेलेलं होतं आणि पुढे वाढतच गेलं. त्याचं सोंग खोटं होतं, वजन खरं होतं आणि त्या वजनानंच त्याचा घात केला.

बायसेपच्या रकान्याची गोष्ट तर याहून गडद. आम्ही जिन्यात बसून ‘बायसेप चोवीस’ असं ओरडत होतो, त्याच १९९४ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये विन्स मॅकमहनवर स्टेरॉइड्स पुरवल्याचा खटला चालू होता. हल्क होगननं साक्षीत सांगितलं, की आपण दहाहून जास्त वर्षं स्टेरॉइड्स घेत होतो. मॅकमहन निर्दोष सुटला. कुस्तीगिरांना औषधं देणारा पेनसिल्व्हेनियाचा डॉक्टर मात्र १९९१ मध्येच दोषी ठरला होता. म्हणजे आमच्या कार्डावरचा दंडाचा आकडा पूर्ण खोटा नव्हता. तो कशानं झाला, हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं इतकंच.

हा कॅट पुढे हरवला. दहावीनंतरच्या कुठल्या तरी दिवाळीच्या साफसफाईत तो गेला असावा. मी अमेरिकन कार्डं जमवायला लागले ती नोकरीला लागल्यावर, २००९ च्या सुमारास. शिकागोहून सुट्टीला आलेल्या मैत्रिणीनं गंमत म्हणून १९८५ च्या टॉप्स कार्डांचं एक न फोडलेलं पाकीट आणलं. त्यात च्युइंगमची चोवीस वर्षं जुनी पट्टी होती, विटकरीच्या तुकड्यासारखी. मी ती चाखून पाहिली नाही, भावानं पाहिली.

त्या पाकिटानं एक गोष्ट लक्षात आणून दिली. आमच्या कॅटमधलं प्रत्येक पान म्हणजे एक माणूस आणि त्याचे आकडे. टॉप्सच्या त्या संचात ६६ कार्डं आणि २२ स्टिकर होते, आणि त्यातल्या बऱ्याच कार्डांवर एकटा माणूस नव्हता. एक घडामोड होती. ‘रिंगसाइड अ‍ॅक्शन’ असं त्या गटाचं नाव. कोणी दोरांवरून झेप घेतलेली, कोणी कोणाच्या मानेला मिठी मारलेली. एका क्षणाचं चित्र, आणि मागे त्या क्षणाची गोष्ट.

कुस्तीगिरांची कार्डं तशी जुनी. १८८७ मध्ये अ‍ॅलन अँड गिंटर या व्हर्जिनियाच्या सिगारेट कंपनीनं पाकिटात घालायला जगज्जेत्यांची पन्नास कार्डं काढली. त्यात बेसबॉलवाले, मुष्टियोद्धे, नेमबाज यांच्या बरोबरीनं विल्यम मल्डून हा त्या काळचा नावाजलेला मल्ल होता आणि जपानहून अमेरिकेत गेलेला मात्सुदा सोराकिचीही. ही सगळी उभी, रुबाबदार चित्रं, कुस्तीतला क्षण त्यात नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर कॅनडातल्या पार्कहर्स्टनं संच काढले, तेव्हा टीव्हीमुळे हे चेहरे घरोघरी पोचले होते. मग बराच काळ सामसूम. १९८२ मध्ये ‘रेसलिंग ऑल स्टार्स’ नावाचे ३६-३६ कार्डांचे दोन छोटे संच निघाले, एका कुस्ती मासिकवाल्यानं स्वतःच्या हिमतीवर काढलेले. पहिल्या संचात क्रमांक एक आंद्रे द जायंट, क्रमांक दोन हल्क होगन. होगनचं ते पहिलं कार्ड मानतात, आणि आज चांगल्या अवस्थेतली प्रत माझ्यासारखीच्या आवाक्याबाहेर आहे. माझ्याकडे आंद्रे आहे, एक कोपरा दुमडलेला.

क्षणांची कार्डं खरी फोफावली ती रेसलमेनियानंतर. पहिला रेसलमेनिया ३१ मार्च १९८५ चा. क्लासिक नावाच्या कंपनीनं १९९० मध्ये ‘हिस्टरी ऑफ रेसलमेनिया’ असा संच बाजारात आणला. पाच-सहा वर्षांचा इतिहास! पहिल्यांदा हसू येतं. पण कोणता सामना लक्षात ठेवायचा, त्यातली कोणती पकड, कोणाचा चेहरा, हे ठरवून अडीच बाय साडेतीन इंचांत छापणं म्हणजे इतिहास लिहिणंच. फक्त तो ज्याचा खेळ त्याच्याच परवान्यानं लिहिलेला.

त्या इतिहासाचा मुकुटमणी म्हणजे २९ मार्च १९८७, पाँटियाक सिल्व्हरडोम. होगननं आंद्रेला दोन्ही हातांवर उचलून आपटलं. या क्षणाची कार्डं इतक्या संचांत निघाली, की त्यांचीच एक वेगळी फाइल होईल. गोष्ट ठरलेली: पंधरा वर्षं अजिंक्य असलेला, ज्याला कोणी उचलू शकलं नाही असा ५२० पौंडांचा राक्षस, आणि बघायला ९३,१७३ माणसं. आता एकेक वीट काढून बघा. होगननं आंद्रेला १९८० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर उचलून आपटलं होतंच. दुसऱ्या काहींनीही ते केलं होतं. अजिंक्य म्हणावं तर १९८४ मध्ये मेक्सिकोत कानेकनं त्याला हरवलं होतं, आणि १९८६ मध्ये जपानमध्ये अंतोनियो इनोकीपुढे त्यानं शरणागती पत्करली होती. प्रेक्षकांचा आकडा ७८ हजारांच्या आसपास होता, असं कुस्तीपत्रकार डेव्ह मेल्टझर वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. म्हणजे ठरवून केलेल्या कुस्तीवर ठरवून केलेला इतिहास.

आणि तरीही त्या फोटोत एक गोष्ट अशी आहे जी कोणी ठरवू शकलं नसतं. आंद्रेला वाढ न थांबण्याचा आजार होता. पाठीचं ऑपरेशन झालेलं, कपड्यांच्या आत आधाराचा पट्टा. तो काळा लंगोटवजा पोशाख पुरा अंगभर होता तो त्यासाठीही. स्वतःला उचलू द्यायचं, हा निर्णय त्याचा होता. एवढ्या वजनाच्या माणसाला त्याच्या मर्जीशिवाय उचलता येत नाही, हे तालमीत चार दिवस गेलेला कोणीही सांगेल. आंद्रे १९९३ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये गेला, ४६ व्या वर्षी. वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो फ्रान्सला गेला होता.

क्षणांच्या कार्डांत आणखी एक गोष्ट शिरू शकली, जी आमच्या कॅटमध्ये शक्यच नव्हती. बायका. मी गल्लीतली एकटी मुलगी हा खेळ खेळणारी, आणि माझ्या मनात कायम प्रश्न, की मिस एलिझाबेथ का नाही? रँडी सॅव्हेजबरोबर सॅटिनच्या झग्यात यायची ती. भाऊ म्हणायचा, “तिचा बायसेप किती लिहायचा?” आकड्यांच्या रकान्यात तिला जागा नव्हती. पण १९९१ च्या सातव्या रेसलमेनियात सॅव्हेज हरल्यावर ती कठडा ओलांडून रिंगमध्ये आली आणि दोघांचा समेट झाला, तेव्हा प्रेक्षकांत लोक रडताना दिसतात. तो क्षण तिच्याशिवाय छापताच येत नाही. कुस्तीगीर स्त्रियांसाठी टॉप्सनं स्वतंत्र संच काढायला २०१७ उजाडलं, आणि रेसलमेनियाची शेवटची, मुख्य लढत स्त्रियांना मिळायला २०१९.

जाता जाता एक आपल्याकडचा क्षण. १९९६ च्या ‘खिलाडियों का खिलाडी’मध्ये अक्षयकुमार अंडरटेकरशी लढतो, हे आमच्या पिढीचं श्रद्धास्थान. अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय हे तर आम्हाला माहीतच होतं, त्यामुळे अक्षयकुमारबद्दलचा आदर फारच वाढला. पुढे कळलं, की तो अंडरटेकर नव्हेच. तो ब्रायन ली. आणि हा ब्रायन ली तोच, ज्याला १९९४ च्या समरस्लॅममध्ये कंपनीनं तोतया अंडरटेकर म्हणून उभं केलं होतं आणि खऱ्यानं येऊन हरवलं होतं. सोंगाचं सोंग मुंबईच्या पडद्यावर आलं आणि आम्ही त्याला खरं मानलं. याचं कार्ड कोणी काढलेलं मला माहीत नाही. काढलं तर मी पहिली रांगेत.

जमवण्याच्या धंद्याबद्दल फार लिहीत नाही. कार्ड तपासून एक ते दहा गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. दहा गुणांचं कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद होतं आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. रिंगच्या ताडपत्रीचे चौकोनी तुकडे चिकटवलेली कार्डं आहेत. त्यावर माणसाच्या घामाचा डाग असला तर भाव वाढतो. नुकत्याच घडलेल्या क्षणाचं कार्ड चोवीस तास विकून नंतर छपाई बंद करण्याची पद्धतही टॉप्सनं आणली. मला हे शेवटचं पटत नाही. कोणता क्षण लक्षात राहणार, हे चोवीस तासांत कसं कळणार?

कारण कंपनीचं मत बदलतं. २०१५ मध्ये होगनची वर्णद्वेषी बडबड ध्वनिमुद्रित झालेली बाहेर आली आणि कंपनीनं त्याला एका दिवसात पुसलं. २०१८ मध्ये परत घेतलं. संकेतस्थळावर हे जमतं. छापलेल्या कार्डावर जमत नाही.

आणि मग क्रिस बेन्वा.

१४ मार्च २००४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, विसावा रेसलमेनिया. ट्रिपल एच आणि शॉन मायकल्स यांच्याविरुद्धच्या तिरंगी लढतीत बेन्वानं जागतिक विजेतेपद जिंकलं. तेव्हा कंपनीचा दुसरा पट्टा ज्याच्याकडे होता तो त्याचा मित्र एडी गरेरो रिंगमध्ये आला आणि वरून कागदी झिरमिळ्या पडत असताना दोघं मिठी मारून रडले. दोघंही उंचीनं बेताचे. आमच्या कॅटमध्ये असते तर ‘हाइट’च्या पहिल्याच पुकाऱ्याला गेले असते. म्हणून तर ज्यांना या खेळातलं खरं कसब कळतं, त्यांना तो क्षण आपला वाटला. मलाही वाटला. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये होते आणि रडले होते.

एडी गरेरो २००५ च्या नोव्हेंबरमध्ये मिनिआपोलिसच्या हॉटेलात मृतावस्थेत सापडला, वय ३८. २००७ च्या जूनमध्ये बेन्वानं जॉर्जियातल्या घरी पत्नी नॅन्सीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा, डॅनियलचा, खून केला आणि मग स्वतः गळफास घेतला. २५ जूनच्या सोमवारी, सगळं स्पष्ट होण्याआधी, कंपनीनं तीन तासांची श्रद्धांजली दाखवली. मंगळवारी मालकानं येऊन सांगितलं, की आज रात्री त्याचा उल्लेख होणार नाही. पुढे त्याच्या मेंदूची तपासणी झाली. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या आघातांनी मेंदूची गंभीर हानी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. वरच्या दोरावरून झेप घेऊन डोकं आपटणं हा त्याचा ठरलेला डाव होता. रात्रीमागून रात्री, ठरवून. निकाल ठरलेला असतो, डोकं आपटणं ठरवून हलकं होत नाही. त्यातून तो गुन्हा उलगडतो असं मी म्हणत नाही. नॅन्सी आणि डॅनियल यांचं नाव घेतल्याशिवाय त्या मिठीबद्दल आता बोलता येत नाही, एवढंच म्हणते.

नंतरच्या आठवणींच्या संचांत त्याला जागा नाही. कंपनीचा निर्णय मला समजतो. पण फ्लीअरनं २००५ पूर्वी आणि टॉप्सनं त्यानंतर काढलेल्या संचांत बेन्वाची कार्डं आहेत. माझ्याकडे तीन आहेत. एकदा ती फेकायला काढली होती, मग कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, मग परत आणली.

लॉकडाऊनमध्ये वेळ होता, तेव्हा आठवणीतून आमचा जुना कॅट कागदावर मांडला. आठवली तेवढी नावं लिहिली आणि आजोबांनी विचारलेला रकाना भरायला घेतला. गोन्झालेस, ४४. योकोझुना, ३४, लिव्हरपूलच्या हॉटेलात. ओवेन हार्ट, ३४, कॅन्सस सिटीत छतावरून दोरीनं खाली येताना पडून, भर कार्यक्रमात. रिक रूड, ४०. ब्रिटिश बुलडॉग, ३९. मिस्टर परफेक्ट, ४४. अर्थक्वेक, ४२. बॅम बॅम बिगेलो, ४५. बिग बॉस मॅन, ४१. कॅटमध्ये नसलेली मिस एलिझाबेथही लिहिली, ४२. भावाला फोन केला. तो एकेक नाव ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, “थांब, योकोझुना माझ्याकडे होता ना?” मी म्हटलं, हो, तुझ्याकडेच.

माझी फाइल नऊ-नऊ कप्प्यांच्या पानांची आहे. गेल्या मे महिन्यात भावाचा मुलगा आला होता, अकरा वर्षांचा. त्याला आजची सगळी नावं पाठ. पानं उलटता उलटता तो बेन्वापाशी थांबला, कारण हे नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. कोण हा, म्हणून विचारलं. मी सांगितलं, जेवढं अकरा वर्षांच्या मुलाला सांगता येतं तेवढं. त्यानं कार्ड कप्प्यातून काढून मागची बाजू वाचली, उंची, वजन, गाव.

“मग हे ठेवलंयस कशाला, आत्या?”

मला चटकन सांगता आलं नाही. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग कार्ड परत कप्प्यात सरकवलं, एडी गरेरोच्या शेजारी, आणि पान उलटलं.